बाबेलच्या नद्यांकाठचं गाणं: स्तोत्र १३७ कसं ऐकायचं, कुठून सुरू करायचं

बोनी एमचं 'रिव्हर्स ऑफ बॅबिलॉन' माहीत नाही असा चाळिशीच्या पुढचा माणूस शोधूनच काढावा लागेल. कॅसेटच्या काळापासून वाजतंय, सुरू झालं की पाय ठेका धरतातच, आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की हे बायबलमधलं हिब्रू स्तोत्र आहे, घरदार जाळून परमुलखात नेलेल्या ज्यू लोकांचं. याच स्तोत्राला गेली हजारेक वर्षं लोक चाली लावतायत, चर्चमध्ये, सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात), ऑपेरात, जमैकाच्या स्टुडिओत. ते सगळं सलग कसं ऐकायचं याबद्दल मला बरेच दिवस लिहायचं होतं, कारण नुसतं सर्च मारलं की पन्नास नावं येतात नि माणूस तिसऱ्या गाण्याला कंटाळून उठतो.

माझं म्हणणं एकच आहे. हे स्तोत्र नऊ वचनांचं आहे आणि जवळजवळ कोणीच नऊच्या नऊ गात नाही. कोण कुठे थांबलं ते बघा. चाल, हार्मनी, वाद्यं सगळं नंतर, आधी कात्री कुठे चालली ते बघा, बाकीचं आपोआप उलगडतं.

म्हणून गाणं लावायच्या आधी स्तोत्र वाचा. मराठी बायबलमध्ये स्तोत्रसंहितेत १३७ नंबरला आहे, दोन मिनिटांत वाचून होतं. थोडक्यात असं. १: बाबेलच्या (म्हणजे बॅबिलॉनच्या) नद्यांकाठी बसलो, सीयोनची, म्हणजे यरुशलेमची, आठवण आली आणि रडलो. २: तिथल्या वाळुंजांवर आमच्या वीणा टांगून ठेवल्या. ३: आम्हाला धरून नेणारे म्हणायला लागले, सीयोनचं एखादं गाणं म्हणा की, जरा करमणूक होऊ दे. ४: परक्या मुलखात परमेश्वराचं गाणं म्हणायचं तरी कसं? ५ आणि ६: यरुशलेमे, तुला विसरलो तर माझा उजवा हात आपलं कसब विसरो, माझी जीभ टाळूला चिकटो. ७: यरुशलेम पडलं त्या दिवशी शेजारच्या एदोम देशाचे लोक "पाडा, पायापर्यंत पाडा" म्हणत होते, देवा, ते लक्षात ठेव. ८: बाबेलच्या कन्ये, तू आमचं जे केलंस तेच तुझं करणारा धन्य. ९: तुझी तान्ही बाळं धरून खडकावर आपटणारा धन्य.

शेवटचं वचन वाचून दचकायला होतं, होऊ दे. ते तिथे आहे म्हणूनच पुढचं सगळं ऐकण्यात अर्थ आहे.

पार्श्वभूमी एवढीच लागते: इ.स.पू. ५८७-८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर (दुसरा) याने यरुशलेम घेतलं, मंदिर जाळलं आणि लोकांना बाबेलला नेलं, म्हणजे आजच्या इराकमध्ये. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बाबेल जिंकलं आणि मग परत जायची परवानगी मिळाली. मधली पन्नास वर्षं परमुलखातली, त्यात जन्मलेल्या पोरांनी यरुशलेम बघितलेलंच नव्हतं.

आता तयारी. एक कागद घ्या, त्यावर १ ते ९ आकडे लिहा, आणि प्रत्येक रचना ऐकताना जे वचन गायलं जातंय त्यावर खूण करा. भाषा कळत नसेल तर गाण्याचे शब्द आणि भाषांतर शेजारी उघडून ठेवा, जवळजवळ सगळ्यांचं मिळतं. सर्च करताना रोमन लिपीत करा, आणि एक अडचण लक्षात ठेवा: जुन्या लॅटिन बायबलमध्ये बहुतेक स्तोत्रांचे नंबर एकाने मागे आहेत, त्यामुळे जुन्या कॅथलिक रचना १३६ या नंबराखाली सापडतात. त्यापेक्षा सुरुवातीच्या शब्दांवरून शोधलेलं बरं, लॅटिनमध्ये 'सुपर फ्लूमिना बॅबिलोनिस', हिब्रूत 'अल नहरोत बावेल', जर्मनमध्ये 'आन वासरफ्ल्यूसन बाबिलोन'. हेडफोन असतील तर लावा, कारण जुन्या कोरसमध्ये आतले आवाज मोबाइलच्या स्पीकरवर गायबच होतात.

सुरुवात ओळखीच्या गाण्यापासूनच करा, फक्त बोनी एमच्या आधीचं लावा. मूळ गाणं जमैकाच्या द मेलोडियन्सचं, १९७० चं, ब्रेंट डाऊ आणि ट्रेव्हर मॅकनॉटन यांनी लिहिलेलं, लेस्ली काँग प्रोड्यूसर. पुढे १९७२ च्या 'द हार्डर दे कम' या सिनेमाच्या रेकॉर्डवर आलं आणि जगभर पोचलं. हे लोक रास्ताफारी परंपरेतले (आफ्रिकेला आपलं घर मानणारा जमैकातला धर्मपंथ), त्यांच्यासाठी बाबेल म्हणजे गुलामी लादणारी आणि अजून मानगुटीवर बसलेली सगळी व्यवस्था, सीयोन म्हणजे आफ्रिका, इथिओपिया. म्हणून गाण्यात देवाच्या जागी 'किंग अल्फा' येतो, म्हणजे इथिओपियाचा सम्राट हैले सेलासी, ज्याला ते देव मानतात. जमैकात सुरुवातीला सरकारने या गाण्यावर बंदी घातली होती, मग शब्द तर बायबलमधलेच आहेत हा मुद्दा पुढे आला नि बंदी उठली. ठेका संथ आहे, आवाज थोडे खरखरीत, तीन माणसं एकत्र उभी राहून प्रार्थना म्हणतायत असं वाटतं. मग बोनी एम लावा, १९७८, फ्रँक फारियानने पश्चिम जर्मनीत केलेलं, ब्रिटनमध्ये पाच आठवडे एक नंबरला होतं. किंग अल्फा गेला, साधा 'लॉर्ड' आला, ठेका वाढला. पण गाणारी मुख्य आवाजाची लिझ मिचेल जमैकाचीच, हे विसरू नका, मला तिच्या आवाजात ते मूळ दुःख अजून ऐकू येतं.

कागद बघा. १, ३, ४ वर खूण. आणि शेवटी 'माझ्या मुखातले शब्द तुला मान्य होवोत' असं जे येतं ते या स्तोत्रातलं नाहीच, ते स्तोत्र १९ चं शेवटचं वचन आहे. म्हणजे प्रश्न विचारला, परक्या मुलखात गाऊ कसा, आणि शाप देण्याऐवजी दुसऱ्या स्तोत्रातली प्रार्थना जोडून गाणं पुरं केलं. बायबल तोंडपाठ असलेल्या माणसांचंच हे काम.

यानंतर एकदम मागे जा. ग्रेगोरियन चँटमध्ये (मध्ययुगीन चर्चमधलं लॅटिन गायन) याच शब्दांचं एक ऑफर्टरी, म्हणजे मिस्सात अर्पणाच्या वेळी म्हणायचं गाणं, आहे, फक्त पहिलं वचन, एकच सुरावट, वाद्य नाही, हार्मनी नाही. दोन-तीन मिनिटांत कान स्वच्छ होतात. मग इटलीचा संगीतकार पालेस्त्रीना, सोळावं शतक, चार आवाज. तो पहिली दोन वचनं घेतो आणि वीणा टांगल्या तिथेच थांबतो. एक आवाज सुरू करतो, दुसरा तेच शब्द घेऊन मागून येतो, मग तिसरा, चौथा. यात शोधण्यासारखं फार नाही, नुसतं ऐका, पण दोनदा ऐका, दुसऱ्यांदा एकच आवाज धरून.

आता खरी मजा, आणि इथे वेळ द्या. फिलिप द माँत हा हाब्सबुर्ग सम्राटाच्या दरबारातला संगीतप्रमुख. तरुणपणी तो स्पेनच्या फिलिपबरोबर इंग्लंडला येऊन गेला होता. तिकडे इंग्लंडमध्ये संगीतकार विल्यम बर्ड, स्वतः कॅथलिक, पण नोकरी प्रोटेस्टंट राणी एलिझाबेथच्या चॅपलमध्ये. कॅथलिक धर्मगुरूंना तेव्हा इंग्लंडमध्ये फाशी देत होते, एडमंड कॅम्पियनला १५८१ मध्ये दिली. अशा वेळी १५८३ मध्ये द माँतने बर्डला आठ आवाजांची एक रचना पाठवली, हेच स्तोत्र. आणि त्यात त्याने वचनांची अदलाबदल केली: नदीकाठी रडलो, त्यांनी गाणं मागितलं, परक्या मुलखात गाऊ कसे, आणि मग सगळ्यात शेवटी, वीणा टांगून ठेवल्या. म्हणजे जणू मित्राला विचारतोय, बाबा रे, तू तिथे गातोस तरी कसा, की वीणा टांगून ठेवलीस?

पुढच्या वर्षी, १५८४ मध्ये, बर्डचं उत्तर गेलं. तेही आठ आवाजांचं. सुरुवात थेट चौथ्या वचनाने, 'क्वोमोदो कान्ताबिमुस', गाऊ कसे, आणि मग पाचवं, सहावं, तुला विसरलो तर माझा हात विसरो. शिवाय आठातले तीन आवाज त्याने कॅननमध्ये बांधलेत, म्हणजे एकाची सुरावट दुसऱ्याने ठरलेल्या नियमाने उचलायची, त्या काळची सगळ्यात अवघड कारागिरी. गाऊ कसे असं विचारत विचारत तो माणूस दाखवून देतो की हात काहीही विसरलेला नाही. आपल्याकडे सवाल-जवाब असतो ना, तसाच हा सवाल-जवाब, फक्त दोघांच्या मध्ये समुद्र आणि गुप्तहेर. आणि बर्ड थांबतो कुठे तर सातव्या वचनाच्या पहिल्या अर्ध्यावर: देवा, एदोमच्या लोकांचं लक्षात ठेव. पुढचं बोलत नाही. पुढचं काय ते ऐकणाऱ्या प्रत्येक कॅथलिकाला पाठ होतं. दोन्ही रचना एकामागोमाग लावा, उलट्या क्रमाने अजिबात नको, आणि मध्ये दुसरं काही वाजू देऊ नका, प्लेलिस्टचं शफल बंद करा.

एवढं झाल्यावर मनात येतंच की ज्यांचं स्तोत्र ते लोक कुठायत. सलोमोने रॉस्सी, इटलीतल्या मांतुआचा ज्यू संगीतकार, माँतेवेर्दी ज्या दरबारात होता त्याच दरबारात व्हायोलिन वाजवणारा. त्याने १६२२-२३ च्या सुमारास व्हेनिसमध्ये हिब्रू रचनांचा संग्रह छापला, तेहतीस रचना, त्यात चार आवाजांचं 'अल नहरोत बावेल'. यरुशलेमचं मंदिर पडल्याचा शोक म्हणून सिनेगॉगमध्ये असं सजवलेलं संगीत नको असं मानणारे बरेच होते, त्यामुळे व्हेनिसचे रब्बी लेओने मोदेना यांनी त्याची बाजू घेऊन लिहिलं. त्या छापील पानाचा फोटो मिळाला तर जरूर बघा. सूर डावीकडून उजवीकडे वाचायचे, हिब्रू उजवीकडून डावीकडे, मग करायचं काय? तर प्रत्येक शब्द हिब्रूसारखाच उजवीकडून डावीकडे छापला आणि तो त्याच्या सुरांच्या खाली ठेवला, गाणाऱ्याने डोळा दोन्हीकडे फिरवायचा. रचना साधी आहे, आवाज बराच वेळ एकत्र चालतात, शब्द स्पष्ट कळतात. बर्डनंतर ऐकली की आधी फिकी वाटेल, घाई करू नका, ही सिनेगॉगमध्ये उभं राहून म्हणायची गोष्ट आहे. पुढे १६३० मध्ये मांतुआ लुटलं गेलं, तिथल्या ज्यूंना हाकलून दिलं, आणि रॉस्सीचं नाव त्यानंतर कुठे येत नाही.

हे स्तोत्र ज्यू घरांमध्ये आजही जिवंत आहे. मंदिर पडल्याचा दिवस, तिशा बआव, त्या उपासाला ते म्हणतात, आणि लग्नात काच फोडताना पाचवं-सहावं वचन, यरुशलेमे तुला विसरलो तर, आनंदाच्या ऐन क्षणी. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल हाच उपासाचा दिवस पाळत आलेत, आणि त्यांच्यात त्याला बिरड्याचा सण म्हणायचे, उपास सोडताना वालाचं बिरडं. बाबेलपासून निघालेली आठवण अलिबाग-रेवदंड्याच्या स्वयंपाकघरात बिरड्यापर्यंत पोचली, मला हे फार थोर वाटतं. यूट्यूबवर काचेच्या वेळचं 'इम एश्काखेख' शोधा, चाली असंख्य आहेत, मंडपातला गोंगाट ऐकू येणारं रेकॉर्डिंग मिळालं तर तेच घ्या.

जर्मन संगीतकार बाखच्या रचनेत शब्दच नाहीत, नुसता ऑर्गन. स्ट्रासबर्गमध्ये १५२५ मध्ये वोल्फगांग डाखश्टाइनने या स्तोत्राचं जर्मन भजन केलं होतं, ते घरोघरी पाठ, त्यामुळे ऑर्गनवर नुसती चाल वाजली तरी लोकांना शब्द ऐकू यायचे. बाखने पंधराच्या आसपासच्या वयात हॅम्बुर्गच्या राइनकेन या ऑर्गनवादकाची याच चालीवरची लांबलचक फँटसी हाताने उतरवून घेतली होती, ती प्रत एकविसाव्या शतकात वायमारच्या ग्रंथालयात सापडली. १७२० मध्ये हॅम्बुर्गला याच म्हाताऱ्या राइनकेनसमोर बाखने या चालीवर जवळजवळ अर्धा तास आयत्या वेळी सुचेल तसं वाजवलं, आणि म्हातारा म्हणाला की मला वाटत होतं ही कला मेली, पण ती तुझ्यात जिवंत आहे. परक्या मुलखात गाऊ कसे या गाण्यावर हे उत्तर मिळावं! तुम्ही बीडब्ल्यूव्ही ६५३ लावा (बाखच्या रचनांच्या यादीतला नंबर). तीन मात्रांचा संथ, डुलणारा ठेका, आणि मुख्य चाल वरच्या आवाजात शोधू नका, ती मधे आहे, नाजूक हरकती घेत जाणारी. पहिल्यांदा सापडत नाही. त्याआधी डाखश्टाइनचं साधं भजन एकदा ऐकून घेतलंत तर लगेच सापडेल.

व्हेर्दीचं 'वा पेन्सिएरो' बहुतेकांनी ऐकलेलं असतं, 'नाबुक्को' (म्हणजे नबुखद्नेस्सर) या ऑपेरातला ज्यू गुलामांचा कोरस, मिलानच्या ला स्काला थिएटरात ९ मार्च १८४२ ला पहिल्यांदा झाला. हे स्तोत्राचं भाषांतर नाही, ऑपेराचे शब्द लिहिणाऱ्या सोलेराने त्यावरून लिहिलेलं गाणं आहे, पण नदीकाठ आहे, वाळुंजावर टांगलेली मुकी वीणा आहे. ऐकताना एवढंच धरा: शंभर माणसं बराच वेळ एकाच सुरावटीत गातात, हळू आवाजात, आणि वीणेचं नाव निघालं की एकदम मोठ्याने हार्मनीत फुटतात. पण माझी कळकळीची विनंती आहे, ट्रॅक तिथे संपवू नका, पूर्ण ऑपेराचं रेकॉर्डिंग घेऊन पुढची चार-पाच मिनिटं ऐका. कोरस संपतो न संपतो तोच जकारिया हा धर्मगुरू येऊन सगळ्यांना झापतो, रडताय काय, आणि भविष्य सांगतो की बाबेलचा दगडही शिल्लक राहणार नाही. म्हणजे आठवं वचन व्हेर्दीने सोडलेलं नाही, शेजारी ठेवलंय, आपण ते कापून वेगळं करतो आणि नुसतं गोड गाणं घेऊन घरी येतो.

चेक संगीतकार द्वोर्झाकचं मात्र एकट्याने, रात्री, आवाज कमी ठेवून ऐका. 'बायबलमधली गाणी', ओपस ९९, त्यातलं सातवं, एक आवाज आणि पियानो. मार्च १८९४, तो न्यूयॉर्कमध्ये कॉन्झर्व्हेटरीचा प्रमुख, घर बोहेमियात, आणि त्याच महिन्याच्या शेवटी तिकडे त्याचे वडील वारले. शब्द त्याने जुन्या चेक बायबलमधून घेतले. थांबतो पाचव्या वचनावर: तुला विसरलो तर माझा उजवा हात आपलं कसब विसरो. हातानेच पोट भरणारा माणूस, त्या शब्दावर गाणं संपवतो. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींनी हे ऐकावंच, चेक कळायची गरज नाही.

अमेरिकेतलाच आधीचा एक नमुना आहे, विल्यम बिलिंग्ज, बॉस्टनचा चामडं कमावणारा आणि गाणं शिकवणारा. ब्रिटिश फौजांनी बॉस्टन व्यापलेलं असतानाच्या दिवसांवर त्याने १७७८ मध्ये छापलं, वॉटरटाऊनच्या नद्यांकाठी बसलो आणि बॉस्टन, तुझी आठवण येऊन रडलो. नाव सरळ बदललं. पूर्ण ऐकायची निकड नाही, पहिलं मिनिट पुरे, पण मेलोडियन्सच्या शेजारी ठेवून बघा.

नववं वचन खरंच गायलेलं हवं असेल तर इंग्लिश संगीतकार विल्यम वॉल्टनचं कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठीचं 'बेलशाझर्स फीस्ट', १९३१, लीड्स. सुरुवातीला ट्रॉम्बोन, मग नुसते पुरुषांचे आवाज, मग नदीकाठ, आणि तो अजिबात शांत नाही, आतून धुमसतोय. सोलो बॅरिटोन पाचवं-सहावं वचन गातो, आणि त्यानंतर मुलांना दगडावर आपटणारा धन्य हे शब्द येतातच. ते सोडून देणारे संगीतकार चूक आहेत असं मी म्हणत नाही, चर्चमध्येही आज ते पुष्कळदा वगळतात. पण ज्यांनी स्वतःची पोरं मेलेली बघितली त्यांच्या तोंडचं ते आहे, आणि ते निदान एकदा पूर्ण ऐकलं की इतर सगळ्यांनी कुठे नि का ओठ मिटले ते कळतं. लहान मुलं खोलीत असताना लावू नका एवढंच.

आणि शेवटी स्वतः गा. फिलिप हेजची अठराव्या शतकातली तीन आवाजांची एक छोटी चाल आहे, डॉन मॅक्लीनने १९७१ च्या 'अमेरिकन पाय' अल्बममध्ये 'बॅबिलॉन' नावाने गायलेली, तिथून शिका. तीन ओळी, मायनरमध्ये, आपल्या कानाला कोमल गंधार लगेच ओळखू येईल. आधी सगळ्यांनी मिळून तिन्ही ओळी पाठ होईपर्यंत म्हणा. मग तीन गट करा, पहिला गट दुसऱ्या ओळीवर गेला की दुसऱ्याने पहिली सुरू करायची, तो दुसरीवर गेला की तिसऱ्याने. घाबरट माणसं एका गटात टाकू नका, प्रत्येक गटात एक पक्का आवाज हवा, आणि शेजारच्या गटाकडे न बघता आपल्याच लोकांकडे तोंड करून उभं राहा. थांबताना सगळे एकदम थांबू नका, ज्या गटाने आधी सुरू केलं त्याने आधी संपवायचं. चांगलं जमायला लागलं की एकाने बाजूला उभं राहून मराठीतून स्तोत्र वाचायचं, गाणाऱ्यांनी तेवढा वेळ आवाज खाली आणायचा. वाचणारा आधीच ठरवा, आणि तो नववं वचन वाचणार आहे की नाही तेही गाणं सुरू करण्याआधी सगळ्यांनी बोलून घ्या.